न्यूयॉर्कचे दीड दोनदा वाजतात

रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटे, हे गणित आपण सर्वांनी शाळेत घोकले आहे. साडेब्याऐंशी अंशांचे साडेपाच तास होतात आणि ग्रिनिचपेक्षा भारताची वेळ तेवढी पुढे. गणित चोख आहे. पण त्यावर विसंबून लंडनशी व्यवहार करू गेल्यास वर्षातले सात महिने उत्तर चुकेल. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत इंग्लंडातली घड्याळे तासभर पुढे केलेली असतात. तेव्हा फरक उरतो साडेचार तासांचाच.

अमेरिकेची तऱ्हा आणखी निराळी. तेथे २००७ पासून हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होऊन नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपतो. न्यूयॉर्कचा शेअरबाजार तेथल्या घड्याळाने सकाळी साडेनऊलाच उघडतो. आपल्याकडे मात्र तेव्हा उन्हाळ्यात सायंकाळचे सात आणि हिवाळ्यात आठ वाजलेले असतात.

म्हणून सॉफ्टवेअरमध्ये 'न्यूयॉर्क म्हणजे उणे पाच' असा आकडा कायमचा लिहून टाकणे मला व्हाउचरशिवाय शिल्लक लिहिण्यासारखे वाटते. आज जुळेलही, पण का जुळली हे कोणी विचारले तर उत्तर नाही. लिहायचे असते ते गावाचे नाव. कोणत्या गावी कोणत्या तारखेला किती फरक होता, याची एक सामायिक नोंदवही आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केली व आज जगभरचे संगणक ती वापरतात. आपली नोंद तीत 'एशिया/कोलकाता' या नावाने आहे. महायुद्धात १९४२ ते १९४५ आपणही घड्याळे तासभर पुढे केली होती, तेही तीत सापडते.

पण नोंदवही झाली तरी सरकारपुढे तिचे काय चालणार? मार्च २०२३ मध्ये लेबनॉनच्या सरकारने घड्याळबदल दोन-तीन दिवस आधी अचानक रमझान संपेपर्यंत पुढे ढकलला. अनेकांनी तो हुकूम मानला नाही, एकाच देशात दोन घड्याळे चालू लागली, आणि थोड्याच दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला. ज्यांनी पुढच्या भेटींच्या वेळा आधीच बदलून साठवल्या होत्या, त्यांची काय त्रेधा उडाली असेल! झालेला व्यवहार जागतिक प्रमाणवेळेत नोंदवावा हे खरे. पण व्हायची असलेली भेट त्या गावच्याच घड्याळाने, गावाच्या नावासह ठेवावी आणि रूपांतर आयत्या वेळी करावे.

नोव्हेंबरच्या त्या रविवारी न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे दीड दोनदा वाजतात. एका खात्यात दीडला रक्कम जमा झाली आणि दीडलाच काढली गेली, तर आधी काय घडले? उलट मार्चमध्ये त्या रात्री अडीच वाजतच नाहीत.

आमच्यापैकी कित्येकजण पदवीनंतर परदेशी कंपन्यांचे हिशेब रात्रपाळीत लिहिणाऱ्या कचेऱ्यांत जातील. तेथे तास चुकला की बोलणी खातो तो कारकून. प्रोग्रॅमला कोणी जाब विचारत नाही. आमच्या संगणकीय हिशेबाच्या प्रात्यक्षिकात परकीय चलनाचे दर बदलायला शिकवतात. त्याच तासाला हे दीड वाजताचे उदाहरणही सोडवून घ्यावे, अशी प्राध्यापकांना माझी विनंती आहे.