नावाचा रकाना शेवटी भरावा



आज या भित्तिपत्रकात मी माझीच एक चूक लिहिणार आहे. तुम्ही पेपरात चुकलात की मी लाल शाईने गोल करतो. मग माझी चूक मी का झाकावी?

मागच्या वर्षी गौरी-गणपतीच्या सुट्टीत चौथीतला एक मुलगा महाबळेश्वराकडे आत्याच्या गावी गेला होता. येताना त्याने काड्यापेटीत एक गोगलगाय आणली. हरभऱ्याच्या दाण्याएवढी, शंखाच्या तोंडाला झाकण असलेली. धबधब्याशेजारच्या ओल्या कातळाला ती चिकटली होती म्हणे. तो म्हणाला, "गुरुजी, सहलीत अलिबागला समुद्राच्या खडकावर अशाच होत्या की! मग ही डोंगरावर कशी आली?"

मी हसलो. म्हटलं, "अरे, समुद्रातली समुद्रात, डोंगरातली डोंगरात. जा, जागेवर बस." वर्गही हसला. संध्याकाळी काड्यापेटी केरात गेली.

पुढे एकदा वाचताना मी चमकलो. सह्याद्रीच्या कड्यांवर, जिथे धबधब्याचे तुषार उडतात अशा कातळावर, खरोखरच समुद्री घराण्यातल्या गोगलगाई राहतात! त्यांच्या गटाचं नाव क्रेम्नोकोंकस. या घराण्यातल्या बाकीच्या गोगलगाई समुद्रकाठच्या खडकांवर नाहीतर खारफुटीत राहतात. गोड्या पाण्यात राहणारा गट हा एकच, आणि तो साऱ्या जगात फक्त आपल्या पश्चिम घाटात आहे. म्हणजे मुलाचा प्रश्न बरोबर होता आणि गुरुजींचं उत्तर चूक.

विल्यम ब्लॅनफर्ड नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने १८६३ साली यांतल्या एका जातीला सह्याद्रीवरूनच नाव दिलं. गटाला मात्र त्याने दिलेलं पहिलं नाव आधीच एका माशाच्या गटाला दिलेलं निघालं. दोन गटांना एकच नाव चालत नाही, म्हणून १८६९ साली त्याने ते बदललं. पुढे २०१३ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे डेव्हिड रीड आणि आपल्याकडचे एन. ए. अरविंद व एन. ए. मध्यस्थ यांनी हा गट पुन्हा तपासून नऊ जाती वेगळ्या केल्या. एवढ्याशा जिवाचा शंख पाहिला, आतले अवयव पाहिले, जिभेवरची बारीक दातांची पट्टीसुद्धा पाहिली. दीडशे वर्षं झाली तरी काम संपलं नव्हतं.

तर मग काड्यापेटीतली गोगलगाय त्यांतलीच होती का? आता कोणीच सांगू शकणार नाही. आम्ही तिचं माप घेतलं नाही, चित्र काढलं नाही, गावाचं नाव लिहिलं नाही. मी नुसतं उत्तर दिलं. उत्तर देण्याची ही घाईच मला आज टोचते.

काही पालक विचारतील, गोगलगाईची जात ओळखून पोरांना नोकरी मिळणार आहे का? त्यांना माझं एवढंच सांगणं, की तुम्ही स्वतः रोज हेच काम करता. तुमच्यापैकी कितीतरी जण चाकण-भोसरीच्या कारखान्यांत जातात. हातात आलेला जॉब नुसता बघून तुम्ही "बरोबर आहे" म्हणता का? व्हर्निअर लावता, ड्रॉइंगशी ताडता, मास्टर पीसशी जुळवता, मगच पास करता. गोगलगाईचंही तसंच. शंखाची उंची किती, रुंदी किती, वेटोळी किती, तोंड गोल की लांबट, झाकण आहे की नाही, हे सगळं लिहायचं. मग आधीच्या वर्णनाशी ताडायचं. नव्या जातीला नाव देताना ज्या शंखावरून वर्णन केलं, तो शंख संग्रहालयात जपून ठेवतात. पुढे शंका आली की त्याच्याशी जुळवून बघतात. तोच त्या जातीचा मास्टर पीस! असे प्राण्यांचे नमुने सांभाळणारं, भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र फार लांब नाही, आपल्या आकुर्डीलाच आहे.

नोकरीचं राहू द्या. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. आपल्या भागात टेकड्या फुटताहेत, ओढे बुजताहेत. मी कारखान्यांच्या विरुद्ध नाही. त्यांच्यावर इथल्या कितीतरी घरांची चूल पेटते. पण ओल्या कातळावर जगणारी गोगलगाय उठून दुसऱ्या गावी जाऊ शकत नाही. पाणी वळलं, कातळ फुटला, की ती संपली. हजेरीपटावर ज्याचं नावच नाही, त्याची गैरहजेरी कोण मांडणार? नोंद नसलेला जीव गेला तर तो गेल्याचंसुद्धा कोणाला कळत नाही. म्हणून नोंद करणं हे मी चैनीचं काम मानत नाही.

तेव्हा येत्या सोमवारपासून या भित्तिपत्रकाशेजारी दोरीला बांधून एक वही टांगली जाईल. तिच्यात रकाने असे: तारीख, ठिकाण, कशावर दिसली, माप, चित्र, पाहणाऱ्याचं नाव. अगदी शेवटी एक रकाना, 'गोगलगाईचं नाव'. तो कोणी घाईने भरायचा नाही. रिकामा राहिला तर लाज नाही. खोटा भरला तर मात्र आहे. मीसुद्धा हाच नियम पाळीन.

ओढ्याकाठी जाताना मोठ्या माणसाला बरोबर घ्या. जिवंत गोगलगाय उचलून आणू नका. जागेवरच पट्टी धरा, चित्र काढा. रिकामा शंख मिळाला तर चिठ्ठी लावून आणा, आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

वहीतली पहिली ओळ त्या मुलाने लिहावी. आता तो पाचवीत आहे. त्याला जे आठवतं ते त्याने लिहावं आणि मापाच्या रकान्यात 'घेतलं नाही' असं लिहावं. त्याच्याखाली सही मी करीन. कारण ते माप घ्यायला लावणं माझं काम होतं.

— तुमचे गुरुजी