शब्दांची श्रीमंती कोणासाठी?

गेल्या पावसाळ्यात झरी जामणी तालुक्यातील एका ख्रिस्ती कुटुंबाच्या भेटीस आम्ही गेलो होतो. चहा झाला, विचारपूस झाली. मग घरच्या बाईंनी मोठ्या कौतुकाने सातवीतल्या लेकाला पुढे केले. "फादरांना तो शब्द म्हणून दाखव," असे त्यांनी म्हणताच मुलाने डोळे मिटले आणि एका दमात म्हटले, "फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन!" रोमन लिपीत या शब्दाची २९ अक्षरे होतात. खासदार शशी थरूर यांनी २०१८ साली आपल्या एका पुस्तकाच्या निमित्ताने तो वापरला आणि देशभर लोकांनी शब्दकोश उघडले. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या 'फरागो' या शब्दाने असाच गाजावाजा झाला होता. पुढे २०२० साली अशा अनवट शब्दांवर त्यांनी स्वतंत्र पुस्तकच लिहिले. त्यांच्या व्यासंगाबद्दल आमचे काही म्हणणे नाही. ज्याचा तो छंद.

आम्ही मुलाला अर्थ विचारला. "एखादी गोष्ट कवडीमोल समजणे," त्याने अचूक सांगितले. आम्ही त्याला शाबासकी दिली. मग सहज विचारले, "बाळ, सीतादही म्हणजे काय?" मुलगा आईकडे पाहू लागला, आई बापाकडे. कोपऱ्यात बसलेली आजी तेवढी हसली. कापसाच्या पहिल्या वेचणीच्या दिवशी वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवण्याची या मुलखाची रीत तिलाच ठाऊक होती. ज्या पऱ्हाटीच्या पैशातून मुलाच्या शाळेची फी भरली जाते, त्या पऱ्हाटीचे शब्द मुलापर्यंत पोचलेच नव्हते. वखर, डवरा, तिफण, पाती, बोंड, फरदड, उलंगवाडी हे त्याच्या दृष्टीने अडाण्यांचे शब्द. त्याच्या २९ अक्षरी शब्दाचा अर्थ आम्हाला तेथे मूर्तिमंत दिसला.

सेमिनरीत लॅटिन शिकताना हा शब्द आम्ही फोडून पाहिला होता. 'फ्लॉकस' म्हणजे लोकरीचा पुंजका, 'पायलस' म्हणजे केस, 'निहिल' म्हणजे काहीच नाही. किंमत नसलेल्या वस्तूंची नावे एकापुढे एक जोडून कोणा विद्वानाने गंमत केली, एवढेच. पण ज्या घरात तंतूच्या पुंजक्यावर वर्षाची भाकर अवलंबून आहे, त्या घरातील मुलाने क्षुल्लकपणाचे हे प्रतीक मिरवावे आणि कापसाचे शब्द विसरावे, हे आम्हाला गमतीचे वाटत नाही.

येथे कोणी आम्हाला इंग्रजीचा वैरी ठरवील. तो आरोप आम्हाला मान्य नाही. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ सालच्या 'काव्यफुले'त इंग्रजीला माउली म्हटले. जातीने ज्यांना विद्येपासून दूर ठेवले, त्यांच्यासाठी ही भाषा मुक्तीचे दार आहे हे त्यांनी ओळखले होते. महाराष्ट्र शासनाने २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू केली, त्यामागेही गरिबाच्या मुलाला मागे ठेवू नये हाच विचार होता. आपली मुले इंग्रजी शाळेत घालून गरिबाला मातृभाषेचे गोडवे ऐकवणारे पुढारी आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्या पंगतीला आम्हाला बसायचे नाही. मुलांनी इंग्रजी शिकावी, उत्तम शिकावी. आमचा वाद शब्द कोणत्या हेतूने गोळा करायचे याबद्दल आहे. दाराची किल्ली निराळी आणि पाहुण्यांना दाखवायचा दागिना निराळा.

किल्लीचे उदाहरण देतो. २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. डोक्याइतकी वाढलेली पऱ्हाटी, अंगावर संरक्षक कपडे नाहीत, दोन-तीन औषधांची मिसळ, दमट उकाडा, अशी अनेक कारणे एकत्र आली होती. केवळ भाषेमुळे हे घडले असे आम्ही म्हणणार नाही. पण औषधाच्या डब्याकडे एकदा पाहा. त्यावर उभ्या चौकोनात एक रंग असतो. लाल म्हणजे अत्यंत जहाल विष, पिवळा म्हणजे त्याखालोखाल, निळा मध्यम, हिरवा सौम्य. त्याबरोबर इंग्रजी शब्द असतात. लाल-पिवळ्यावर 'पॉयझन', निळ्यावर 'डेंजर', हिरव्यावर 'कॉशन'. आत घडी केलेल्या कागदावर बारीक अक्षरांत 'अँटिडोट' लिहिलेला असतो. त्याला आपल्या भाषेत 'उतारा' हा किती नेमका शब्द आहे! सेंद्रिय फॉस्फरसच्या कीटकनाशकांवर अॅट्रोपिन हा उतारा आहे. काही औषधांवर मात्र ठरावीक उताराच नाही. रोग्याबरोबर औषधाचा डबा व तो कागद डॉक्टरांकडे न्यावा, एवढे घरातल्या मुलाला समजले तर एखादा जीव वाचू शकेल. त्या घरी आम्ही मुलाला 'डेंजर' आणि 'कॉशन' यांतला फरक विचारला. दोन्ही एकच, असे तो म्हणाला.

पीकविम्याचेही तसेच आहे. प्रधानमंत्री पीकविमा योजना २०१६ साली आली. तिच्यात 'थ्रेशोल्ड यील्ड' नावाची संज्ञा आहे. शासकीय मराठीत तिला 'उंबरठा उत्पादन' म्हणतात. आपल्या मंडळाचे सरासरी उत्पादन या उंबरठ्याखाली गेले तर भरपाईचा प्रश्न येतो. आता ही संज्ञा इंग्रजीत पाठ करून काय उपयोग आणि मराठीत वाचून न समजता काय उपयोग? उंबरठा म्हणजे काय हे आजीला ठाऊक आहे, विमा म्हणजे काय हे नातवाला. दोघे एकमेकांशी बोलतील तरच कागद कळेल. त्यांच्यातील बोलणे तुटणे, हीच आमच्या मते खरी शब्ददारिद्र्याची खूण.

आणखी एक उदाहरण आम्हा ख्रिस्ती लोकांच्या जिव्हाळ्याचे आहे. अमेरिकेत दरवर्षी इंग्रजी शब्दांच्या वर्णलेखनाची राष्ट्रीय स्पर्धा होते. २०१९ साली तेथे आठ मुले संयुक्त विजेती ठरली आणि त्यांपैकी सात भारतीय वंशाची होती. आपल्याकडील पालकांच्या डोळ्यांपुढे हेच चित्र असते. त्याआधी २०१८ साली विजयाचा शेवटचा शब्द होता 'कॉइनोनिया'. हा मूळ ग्रीक शब्द 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात येतो. आरंभीचे ख्रिस्ती भाकर मोडीत, प्रार्थना करीत आणि आपले जे होते ते वाटून घेत. त्या सहभागितेचे हे नाव. त्या मुलाच्या कष्टांना आमचा नमस्कार. परंतु वाटून घेण्याचा शब्द आज इतरांना मागे टाकण्याच्या कामी येतो, हे पाहून धर्मगुरू म्हणून आमचे मन खिन्न होते.

दोष केवळ पालकांचा नाही. बोट स्वतःकडेही वळवू या. प्रवचनात ग्रीक-लॅटिन संज्ञा फेकून भाविकांना गप्प करण्याचा मोह आम्हा धर्मगुरूंना होतो, आम्हालाही झाला आहे. मैदानावर मराठी बोलणाऱ्या लेकरांकडून दंड घेणारी शाळा आम्ही पाहिली आहे आणि तेथे मूग गिळून बसलो आहोत. गोव्यात १६८४ साली व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे. त्या हुकमाला आपण आज नावे ठेवतो. आता तर हुकमाचीही गरज उरलेली नाही. आपण होऊन, फी भरून, तेच करीत आहोत.

आपल्या परंपरेत याहून चांगले धडे आहेत. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९ साली ते गोव्यात आले, येथील भाषा शिकले आणि १६१६ साली त्यांचे दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. स्वतःचे इंग्रजी शब्द लोकांच्या माथी न मारता स्वर्गासाठी त्यांनी 'वैकुंठ' हा लोकांचाच शब्द उचलला. मोल्सवर्थ हा इंग्रज लष्करी अधिकारी; त्याच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत. पंडिता रमाबाईंनी ग्रीक आणि हिब्रू शिकून बायबलचे भाषांतर केले ते खेड्यातल्या बाईला कळावे म्हणून. ते संपूर्ण स्वरूपात १९२४ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आपल्या बायबलाला 'सुबोध' हे विशेषण दिले. या सर्वांना परकीय भाषा अवगत होत्या, आणि ती विद्या त्यांनी दुसऱ्याला कळावे यासाठी वापरली.

झरी जामणीत तर शब्दांची खाण दाराशी आहे. पैनगंगेपलीकडे तेलंगण, अलीकडे मराठी, गोंडी आणि कोलामी. कोलाम हा महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. २०११ च्या जनगणनेत कोलामी बोलणाऱ्यांची संख्या सुमारे १ लाख २८ हजार होती. अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी १९५५ साली द्राविड कुळातल्या या भाषेवर ग्रंथ लिहिला. कोलामीत पाण्याला 'ईर' म्हणतात, विस्तवाला 'किस'. आपल्या ओव्या-अभंगांतील 'नीर' आणि हा 'ईर' एकाच द्राविड मुळाचे, असे अभ्यासक मानतात. सातासमुद्रापलीकडचा विद्वान ज्या शब्दांसाठी कष्ट घेतो, ते शेजारच्या पोडावर रोज बोलले जातात आणि आपल्या मुलांना त्यांची गंधवार्ता नसते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. पण आजीचा शब्द घरात टिकला नाही तर तो दर्जा कागदावरच राहील.

तेव्हा कुटुंबांना आमची एक विनंती आहे. मुलाला एक वही द्या. आठवड्यातून एक इंग्रजी शब्द असा लिहू द्या की जो डब्यावर, बँकेच्या कागदावर किंवा दवाखान्याच्या चिठ्ठीवर त्याने स्वतः पाहिला आहे. त्यासमोर त्याचा मराठी अर्थ आजी-आजोबांना विचारून लिहू द्या. शेजारी कोलाम किंवा गोंड कुटुंब असेल तर तिसरा शब्द त्यांच्याकडून मागून आणू द्या. मागायला जाताना त्याला नम्रता शिकता येईल, हा वेगळा लाभ. वर्षाअखेर बावन्न ओळी होतील. पाहुण्यांपुढे म्हणून दाखवण्याजोगे त्यात फारसे नसेल, पण घरच्या उपयोगाचे पुष्कळ असेल.

त्या दिवशी निघताना आम्ही मुलाला पाती आणि बोंड यांतला फरक आजीला विचारायला सांगितले. तो तिच्याजवळ जाऊन बसला. दारात पोचलो तरी दोघांचे बोलणे चालूच होते, आणि आम्हाला निरोप द्यायचा राहिला हे त्यांच्या ध्यानातही नव्हते.