मैल मोजू नका, माणसे मोजा

उन्हाळा जवळ आला की आमच्या दवाखान्यात एक ठराविक गर्दी वाढते. मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला निघालेले आईवडील येतात. रक्तदाब तपासून घेतात, सहा महिन्यांची औषधे लिहून मागतात. विमानात पाय सुजतील का, कानाला दडे बसतील का, असे सारे प्रश्न विचारून होतात. पण तिकडे पोचल्यावर मोटारीने जो लांबचा प्रवास घडणार असतो, त्याविषयी सहसा कोणी विचारीत नाही. मी विचारले तर उत्तर ठरलेले असते, "ते सगळे मुलाने ठरवले आहे, डॉक्टर." आज या ठरवण्याविषयीच चार शब्द लिहावयाचे आहेत.

उदाहरणादाखल शिकागो ते डेन्व्हर हा प्रवास घेऊ. मुलगा शिकागोत नोकरीला असेल, तर आईवडिलांना रॉकी पर्वत दाखवावा असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. अंतर सुमारे १००० मैल, म्हणजे १६०० किलोमीटर. नागपूरहून समृद्धी महामार्गाने मुंबईजवळ यावे, तसेच उलट पावली नागपूरला जावे आणि वर आणखी दोनशे किलोमीटर जावे, एवढे हे अंतर भरते. इलिनॉय, आयोवा, नेब्रास्का आणि कोलोरॅडो अशी चार राज्ये लागतात. बहुतेक वाट 'इंटरस्टेट ८०' या महामार्गाची. १९५६ च्या कायद्याने या महामार्गांचे जाळे उभे राहिले. रस्ता उत्तम, खड्डा नाही, बैलगाडी आडवी येत नाही. म्हणूनच मुले म्हणतात, "नुसती गाडी चालवली तर चौदा-पंधरा तासांत पोचतो. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघू, रात्रभर चालवू, हॉटेलचे पैसे वाचतील."

माझे स्पष्ट मत असे की, वैद्यकीय दृष्टीने हा बेत चुकीचा आहे. त्यात मैलांचा हिशेब आहे, माणसांचा नाही.

प्रथम गाडी चालवणाऱ्याचा विचार करू. सकाळी सहाला उठलेला मुलगा रात्री अकरापर्यंत सतरा तास जागा असतो. इतक्या जागरणानंतर माणसाचे अवधान आणि हातापायांची चपळाई, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते. चोवीस तास जागे राहिल्यास ती ०.१० टक्के मद्याच्या बरोबरीने बिघडते. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत ०.०८ टक्के ही मद्यपी चालकासाठी कायद्याची मर्यादा आहे. म्हणजे थेंबभरही दारू न प्यालेला आपला गुणी मुलगा पहाटे नेब्रास्कात पोचेल तेव्हा झिंगलेल्या चालकाहून फार वेगळा नसेल. त्यातून तिथला रस्ता सपाट आणि सरळ. लिंकन शहराच्या पश्चिमेला तर जवळजवळ सत्तर मैल वळण म्हणून नाही. अशा रस्त्यावर उघड्या डोळ्यांनी येणारी गुंगी समृद्धी महामार्गामुळे आता आपल्यालाही माहीत झाली आहे. कॉफीने ती थोडा वेळ लांबते, पण झोपेची जागा झोपच घेते.

अमेरिकेच्या सरकारला हे ठाऊक आहे. मालवाहू ट्रकच्या चालकाला सलग दहा तास विश्रांती घेतल्यावर जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालवता येते, तेही कामाला लागल्यापासून चौदा तासांच्या आत. आठ तास चालवल्यावर अर्ध्या तासाची विश्रांती सक्तीची आहे. रोज हेच काम करणाऱ्या, हात बसलेल्या माणसाला हा नियम आहे. मग आठवडाभर संगणकापुढे बसून थकलेल्या मुलाने मागे आईवडील आणि लेकरे घेऊन पंधरा तास गाडी हाकावी, हे कोणत्या न्यायात बसते?

आता मागच्या सीटवर बसलेल्यांकडे वळू. चार तासांपेक्षा अधिक काळ पाय न हलवता बसल्यास पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. लोक हा धोका फक्त विमानातला समजतात. तो मोटारीत, रेल्वेत आणि एसटीतही असतो. अशी गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. निरोगी माणसात हे क्वचित घडते. परंतु पूर्वी गाठ झालेली, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली, कर्करोगाचे उपचार चालू असलेली किंवा फार स्थूल व्यक्ती असेल तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे. इतरांना साधा उपाय पुरतो. दर दोन तासांनी उतरून पाच-दहा मिनिटे चालावे, बसल्या जागी घोटे वर-खाली हलवावेत. मनाने ॲस्पिरिन घेऊ नये.

याहून नेहमीचे दुखणे मात्र वेगळेच असते, आणि ते संकोचातून येते. सारखी गाडी थांबवायला सांगणे बरे दिसत नाही, सुनेसमोर कसे बोलायचे, म्हणून आपली वडीलधारी मंडळी पाणीच पीत नाहीत. काही जण तर रक्तदाबाची 'लघवी होणारी गोळी' परस्पर बंद करतात. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी अशाच प्रवासात दिवसभर लघवी दाबून धरली. प्रोस्टेटचा त्रास होताच. सायंकाळी लघवी पूर्ण अडली आणि परक्या गावातील रुग्णालयात नळी घालावी लागली. जीव वाचला, पण पुढे बिलावरून घरात जे बोलणे झाले ते नळीपेक्षा अधिक दुखले. खरे म्हणजे या महामार्गांवर ठिकठिकाणी सरकारी विश्रांतिस्थाने असतात. तिथली प्रसाधनगृहे मोफत असतात. मुलाने आपणहून, कोणी न मागता, दर दोन तासांनी गाडी थांबवावी. म्हणजे कोणाला तोंड उघडून मागावे लागत नाही.

मधुमेही व्यक्तींनी जेवणाची वेळ मैलांवर टांगू नये. "पुढच्या गावी जेवू" म्हणताना नेब्रास्कात पुढचे गाव लांब असू शकते. गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि जेवण लांबले, तर साखर उतरून घाम, थरथर, बेशुद्धी येऊ शकते. भाकरी-दशमी, फुटाणे आणि थोडी साखर हाताशी असावी. इन्सुलिन गाडीच्या डिकीत ठेवू नये. उभ्या गाडीत उन्हाने फार उष्णता होते आणि औषध निकामी होते. ते थंड पिशवीत ठेवावे, पण थेट बर्फाला लावू नये. प्रवासात मळमळ होऊ नये म्हणून घ्यावयाच्या बहुतेक गोळ्यांनी आणि सर्दीच्या अनेक गोळ्यांनी झोप येते. चालकाने त्या घेऊ नयेत. प्रोस्टेटच्या रुग्णांनीही विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

पट्ट्याविषयी एक शब्द. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावलाच पाहिजे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा पट्टा न लावता मागे बसलेले दोघेही गेले, पुढचे दोघे वाचले. नातवंड रडते म्हणून आजीने त्याला मांडीवर घेऊ नये. लहान मुलांसाठी तिथे वेगळी खुर्ची कायद्यानेच सक्तीची आहे.

शेवटी मुक्कामाची उंची. आपले कळसूबाई शिखर १६४६ मीटर उंच आहे. डेन्व्हर शहरच सुमारे १६०० मीटरवर वसले आहे. रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानातील ट्रेल रिज रस्ता तर ३७०० मीटरच्या वर जातो. पोचल्या दिवशी वर जाऊ नये. एक-दोन रात्री डेन्व्हरला काढाव्यात. हृदयविकार, दमा किंवा पंडुरोग असलेल्यांनी आधी सल्ला घ्यावा. वर धाप लागली, डोके दुखू लागले तर फोटोसाठी न थांबता खाली उतरावे.

मुलांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांना सुट्टी थोडी असते, खर्च मोठा असतो आणि आईवडिलांना शक्य तेवढे दाखवायचे असते. या प्रेमाबद्दल शंका नाही. तरीही माझा सल्ला असा. प्रवासाचे तीन सारखे भाग करावेत. पहिला मुक्काम आयोवातील डे मॉइन, दुसरा नेब्रास्कातील कर्नी, तिसऱ्या दिवशी डेन्व्हर. रोजचे सव्वातीनशे ते साडेतीनशे मैल, सुमारे पाच-साडेपाच तास. उजेडी निघावे, उजेडी पोचावे. इतके दिवस नसतील तर शिकागोहून विमानाने डेन्व्हरला जावे आणि तिथे गाडी भाड्याने घ्यावी. विमानाचा प्रवास तीन तासांच्या आतबाहेर आहे. तेही परवडत नसेल तर जवळचे मिशिगन सरोवर पाहावे. आईवडिलांना डोंगराइतकाच मुलाचा सहवास हवा असतो.

इकडून निघताना औषधांची मूळ नावे टाइप केलेली चिठ्ठी न्यावी, कारण तिथे रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी तिथल्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. विमा काढताना जुन्या आजारांना तो लागू आहे की नाही, हे वाचून घ्यावे. अडचण आली तर ९११ फिरवावा. १९८६ च्या कायद्यामुळे रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग पैशासाठी तातडीचे उपचार नाकारू शकत नाही. बिल मात्र मागून येते.

आणि वडीलधाऱ्यांना एक विनंती. लघवीला जायचे आहे, भूक लागली आहे, पाय आखडला आहे, हे मुलाला सांगण्यात कमीपणा नाही. तुम्ही गप्प बसलात तर त्याला कळणार कसे? गाडीतील सर्वांत थकलेल्या माणसाला झेपेल तोच प्रवासाचा खरा वेग समजावा.