पावसानंतरचा दुष्काळ

मृगाची पहिली मोठी सर कोसळली, ओढ्यानाल्यांना गढूळ पाणी आले आणि उजाड माळावर हिरवी लव दिसू लागली, म्हणजे दुष्काळ संपला असे आपण मानतो. टँकरांच्या फेऱ्या थांबतात, चारा छावण्या उठतात, ऑक्टोबर ते जून या मुदतीसाठी आखलेला टंचाई कृती आराखडा दप्तरात बांधून ठेवला जातो आणि वृत्तपत्रांचे रकाने पेरण्यांच्या व पुराच्या वार्तांनी भरून जातात. परंतु ज्या कुटुंबाने गतवर्षीचे पीक डोळ्यांदेखत करपताना पाहिले, उन्हाळ्यात बैलजोडी विकली, घरातले किडूकमिडूक गहाण टाकले आणि बियाण्यासाठी राखलेला दाणासुद्धा वैशाखात दळून खाल्ला, त्याची खरी परीक्षा या पहिल्या सरीबरोबर सुरू होते. आणि नेमक्या त्याच वेळी सरकारचा व समाजाचा हात आखडता होतो, ही आपल्या दुष्काळनिवारणातील सर्वांत मोठी उणीव आहे, असे माझे मत आहे.

या काळाचा हिशेब एकदा नीट मांडून पाहिला पाहिजे. सोलापूर, बीड, धाराशिव, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील कोरडवाहू शेतकऱ्याचे मुख्य धान्य म्हणजे रब्बीची ज्वारी. ती परतीच्या पावसाच्या ओलीवर सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते आणि माघ-फाल्गुनात खळ्यावर येते. एका वर्षी हा पाऊस चुकला की मागच्या ज्वारीनंतरची पुढची ज्वारी थेट दोन वर्षांनी घरात यायची. 2023 साली पाऊस अपुरा झाला आणि 31 ऑक्टोबरला शासनाने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. ज्याची त्या वर्षीची रब्बी बुडाली, त्याला 2023 च्या शिमग्याला भरलेली कणगी 2025 च्या शिमग्यापर्यंत पुरवायची होती. मधल्या खरिपातले मूग-उडीद गणपतीच्या सुमारास येतात, बाजरी दसऱ्याच्या आगेमागे निघते, सोयाबीनचा पैसा दिवाळीला हाती पडतो. म्हणजे पाऊस अगदी मनाजोगा झाला, तरी आषाढ, श्रावण आणि भाद्रपद या तीन महिन्यांत घरात केवळ खर्च असतो, आवक नसते; बी, खत, नांगरटीचे भाडे या साऱ्या गोष्टी रोख पैसा मागतात, आणि उन्हाळ्यात अर्धपोटी राहिलेल्या लेकरांना पावसाळी ताप व हगवण गाठते तीही याच दिवसांत.

परक्या सरकारलाही ही गोष्ट कालांतराने उमगली होती. 1876-77 च्या दख्खनच्या दुष्काळात त्याने कृपणपणाची परिसीमा केली. दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या मापावर आणून ठेवणाऱ्या सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाविरुद्ध पुण्याच्या सार्वजनिक सभेला आवाज उठवावा लागला आणि असंख्य मजुरांनी कामे सोडून त्याचा निषेध केला. पुढे 1880 च्या आयोगाच्या शिफारशींवरून दुष्काळसंहिता सिद्ध झाल्या, 1883 व 1884 च्या कायद्यांनी तगाईला कायद्याचा आधार मिळाला, आणि 1899-1900 च्या दुष्काळात गुरांचा अपरिमित संहार झाल्यानंतर मॅकडॉनेल आयोगाने 1901 साली बजावले की, बियाणे व बैल यांसाठी तगाई वेळेवर आणि सढळपणे मिळाली, तरच रयतेचा धीर टिकतो. तत्पूर्वी 1896-97 मध्ये लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून दुष्काळसंहितेतील रयतेचे हक्क तिला तिच्या भाषेत समजावून सांगण्याचा जो उपक्रम केला, तो मला आजच्या मराठी वृत्तपत्रांनीही उचलावा असा वाटतो. कारण सवलत शासननिर्णयात असते, तलाठ्याच्या दप्तरात असते, परंतु ज्याच्यासाठी ती असते त्याच्या कानावर मात्र बहुधा मुदत उलटल्यावर येते.

1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने जे करून दाखविले, त्याचा अभिमान बाळगावा तेवढा थोडा आहे. 1973 च्या मे महिन्यात सुमारे 50 लाख माणसे सरकारी दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणाऱ्या आणि पाझर तलावांची माती वाहणाऱ्या त्या माणसांत बायांची संख्या फार मोठी होती. सुकडीने मुले जगली, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरीने मोठी माणसे जगली. त्याच अनुभवातून, आणि वि. स. पागे यांनी 1965 साली तासगाव तालुक्यात केलेल्या प्रयोगातून, 1977 चा रोजगार हमी कायदा जन्मास आला, ज्याने काम मागणाऱ्या माणसाला दिवसांची मर्यादा घातली नव्हती. केंद्राच्या 2005 च्या कायद्याने 100 दिवसांची हमी दिली, दुष्काळी भागात आणखी 50 दिवसांची मुभा ठेवली. तथापि या साऱ्या रचनेची कल्पना उन्हाळ्यातील कामाची आहे. पाऊस पडला की मातीकाम बंद, खडीकाम बंद. मजूर शेतात परतला असे गृहीत धरले जाते. पण ज्याला शेतच नाही, किंवा आहे परंतु पेरायला बी नाही, तो कोठे परतणार?

या प्रश्नाच्या मुळाशी गेले म्हणजे असे दिसते की, आपली मदत कुटुंबाला मोजत नाही, जमिनीला मोजते. गावाची अंतिम पैसेवारी 50 पैशांच्या आत आली अथवा तालुक्यात दुष्काळ जाहीर झाला, म्हणजे जमीनमहसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीपंपाच्या वीजबिलात 33.5 टक्क्यांची सवलत आणि विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्काची माफी मिळते. या यादीतील पहिल्या तीन गोष्टींसाठी अनुक्रमे जमीन, कर्जखाते आणि पंप असावा लागतो. भूमिहीनाच्या घरी त्यांपैकी पोहोचते ती फक्त मुलाची परीक्षा फी. आपत्ती निवारण निधीतून पिकाच्या नुकसानीसाठी केंद्राने ठरविलेला दर जिरायतीला हेक्टरी 8500 रुपये, तोही 2 हेक्टरांच्या मर्यादेत. आणि तो ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे त्यालाच. बटाईने जमीन कसणारा, नवऱ्यामागे शेत कसूनही वारसाची नोंद न झालेली विधवा, सालगडी, शेळ्यांवर घर चालविणारी बाई, ही सर्व माणसे दुष्काळाने तितकीच किंवा अधिक होरपळतात, परंतु पंचनाम्यात त्यांना स्थान नसते. 2016 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळी भागात शिधापत्रिका नसलेल्या कुटुंबालाही धान्य मिळावे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेतील भोजन चालू राहावे असा आदेश दिला, तेव्हा न्यायासनाने नेमके हेच ओळखले होते की भूक सातबारा पाहून येत नाही.

धान्याविषयी अधिक विस्ताराने लिहिणे मला अवश्य वाटते. आपल्या पठारावरील शेतकऱ्याची अन्नसुरक्षा एके काळी बाजारावर अवलंबून नव्हती. ती पेवात, कणगीत आणि कडब्याच्या गंजीत होती. ज्वारीच्या एकाच ताटाने माणसाला भाकरी आणि बैलाला वैरण दिली, आणि दोन्हींची बेगमी बरे वर्ष वाईट वर्षाच्या उपयोगी पाडत असे. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळला निवडून पुढे सर्वत्र पसरलेली मालदांडी 35-1 ही जात शेतकऱ्यांनी इतकी दशके सोडली नाही, ती भाकरीच्या चवीइतकीच तिच्या कडब्याच्या प्रतीसाठी. पुढे सोयाबीन आणि कापूस यांनी ते क्षेत्र व्यापले. त्याचा दोष मी शेतकऱ्याला देत नाही, कारण ज्वारीला भाव नव्हता, काढणीला मजूर मिळत नव्हता आणि मुलांच्या शिक्षणाला रोकड लागत होती. परिणाम मात्र असा झाला की, पीक बुडाले म्हणजे पैसा, धान्य आणि वैरण ही तिन्ही एकाच दिवशी जातात. पूर्वी पैसा गेला तरी गंजी उरत असे.

म्हणून दुष्काळोत्तर मदतीत रोख रकमेइतकेच धान्याला महत्त्व असले पाहिजे. 2015 च्या ऑगस्टपासून मराठवाड्याचे सर्व जिल्हे, अमरावती विभाग आणि वर्धा अशा 14 जिल्ह्यांत, अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीत न बसणाऱ्या शेतकऱ्यांनाही माणशी 5 किलो धान्य सवलतीत देण्याची योजना होती. 2023 पासून तिच्या जागी माणशी दरमहा 150 रुपये खात्यावर जमा होऊ लागले. रोकडीने माणसाला निवडीचे स्वातंत्र्य मिळते हे मला मान्य आहे. परंतु पेरणीच्या तोंडावर खात्यावर आलेला पैसा आधी बियाण्याच्या दुकानात जातो, उरला तर सावकाराकडे, आणि चुलीचा क्रम शेवटी लागतो. त्या तीन महिन्यांपुरते तरी धान्य धान्याच्याच रूपाने द्यावे, आणि ते हमीभावाने शेजारच्या जिल्ह्यात खरेदी केलेल्या ज्वारी-बाजरीच्या रूपाने द्यावे, म्हणजे देणाऱ्या शेतकऱ्यालाही ज्वारी पेरण्याचे कारण राहील. बियाण्याचेही तसेच आहे. ज्वारी, तूर, हरभरा, फार काय सोयाबीनसुद्धा, घरचे राखून, गोणपाटावर उगवण तपासून पेरता येते. बऱ्या वर्षी गावाच्या सोसायटीत किंवा बचत गटाकडे अशा बियाण्याचा साठा ठेवला आणि दुष्काळानंतर तो सवाई-दिढी न लावता उसना दिला, तर दुबार पेरणीचे संकटसुद्धा पुष्कळ सुसह्य होईल.

छावणीने उरलेले जनावर वाचते, विकलेले परत येत नाही. उन्हाळ्यातील बाजारात मिळेल त्या किमतीला गेलेली बैलजोडी मृगात चढ्या भावाने घ्यावी लागते. ज्याला ते साधत नाही त्याची वाफशाची वेळ दुसऱ्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहण्यात निघून जाते आणि कोरडवाहू शेतीत आठवडाभर उशिरा झालेल्या पेरणीचे नुकसान पुढे भरून निघत नाही. जुन्या तगाईत बैलाचे नाव होते. आज ती तरतूद नव्या स्वरूपात, आणि भूमिहीन बाईसाठी दोन-चार शेळ्यांच्या स्वरूपात, मे महिन्यातच व्हायला हवी.

परंतु या तीन महिन्यांचे सर्वांत दारुण फळ वेगळेच आहे. ऊसतोडीचा मुकादम गावात येतो तो याच काळात. धारूर, पाटोदा, शिरूर कासार, पाथर्डी या भागांतील नवरा-बायकोची जोडी, जिला साखर कारखान्याच्या हिशेबात एक कोयता म्हणतात, आषाढ-श्रावणात उचल घेते. कधी ती उचल दवाखान्यासाठी असते, कधी लग्नाच्या देण्यासाठी, आणि दुष्काळानंतरच्या वर्षी ती सरळ सरळ बियाण्यासाठी व भाकरीसाठी असते. ती फेडण्यासाठी दिवाळीपासून चैत्रापर्यंत पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर राबावे लागते. हंगाम संपेपर्यंत उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षी ओढली जाते, पोरांची शाळा मोडते, आणि घरची रब्बी म्हाताऱ्यांच्या हाती राहते. एका पावसाने दिलेली ओढ अशा रीतीने अनेक वर्षांच्या बांधिलकीत रूपांतरित होते. भाद्रपदापर्यंत घरात धान्य आणि हाताला काम असेल, तर उचलीची रक्कम निदान लहान होईल. हा साधा संबंध आपल्या टंचाई आराखड्यात कोठेही लिहिलेला नाही.

पावसाळ्यात कोणते काम द्यावे, असा प्रश्न अधिकारी विचारतील. उत्तर महाराष्ट्राच्याच अनुभवात आहे. 1990 पासून रोजगार हमीशी निगडित फळबाग योजनेत उन्हाळ्यात खड्डे, पावसाळ्यात लागवड आणि पुढे झाडे जगविण्याची मजुरी अशी साखळी बांधली गेली, आणि माळरानांवर बोर, डाळिंब, सीताफळ, आंबा उभा राहिला. रोपवाटिका, गवताची लागवड, स्वतःच्या शेतातील बांधबंदिस्ती, गावतळ्याच्या सांडव्याची राखण, ही कामे पावसात होणारी आहेत. हिवरे बाजार किंवा कडवंचीसारख्या गावांनी पाणलोटाच्या कामाने जे साधले ते निःसंशय अधिक मूलगामी आहे. पण ती कैक वर्षांची तपश्चर्या आहे, आणि श्रावणातली भूक तितके थांबू शकत नाही.

अशा मदतीने माणसे आयते खाण्यास सोकावतात, असा आक्षेप मी सुशिक्षितांच्या तोंडून पुष्कळदा ऐकला आहे. 1973 च्या रणरणत्या उन्हात खडी फोडायला लाखांच्या संख्येने आलेल्या लोकांविषयी, आणि आजही दर वर्षी संसार गाडीवर लादून फडावर जाणाऱ्या लोकांविषयी असे बोलणे हा त्यांच्यावर घोर अन्याय आहे. ते काम मागत आहेत. ते त्यांना स्वतःच्या गावात आणि योग्य महिन्यात मिळावे, एवढेच मागणे आहे.

त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. दुष्काळ जाहीर करणाऱ्या शासननिर्णयातच मदतीची मुदत पुढचे मुख्य पीक घरी येईपर्यंत राहील असे एक कलम घालावे: खरीप गावांना दिवाळीपर्यंत, रब्बी गावांना फाल्गुनापर्यंत. आणि मे महिन्याच्या ग्रामसभेत प्रत्येक दुष्काळी गावाने तीन याद्या वाचाव्यात: कोणाच्या घरी बी नाही, कोणाचे जनावर विकले गेले, आणि सातबारा नसलेली किंवा फडावरून परतलेली कुटुंबे किती. या याद्या चावडीवर लावाव्यात, तहसीलदारांनी मृग लागण्यापूर्वी त्यांवर हुकूम करावा, आणि जिल्ह्याच्या वार्ताहराने श्रावणात त्याच चावडीवर जाऊन त्या हुकमाची अंमलबजावणी किती झाली ते विचारावे.