नावात मायेची खूण असते

घरात बारसे निघाले की पाळणा बांधायचा, घुगऱ्या शिजवायच्या, शेजारणींना बोलवायचे आणि आत्याबाईने बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगायचे. हा आत्याचा मान. पण मंडळी, बाळाला नाव ठेवताना आईबापाच्या मनात जे चालते ते साऱ्या जगात सारखेच असते. ते कसे, हे पाहण्यासाठी आज जरा लांबच्या मुलखात जाऊ.

पूर्व युरोपात रशियन, पोलिश, चेक, सर्ब, बल्गेरियन असे लोक राहतात. त्या सर्वांना मिळून स्लाव म्हणतात. मराठी, गुजराती, हिंदी या जशा बहिणी, तशाच त्यांच्या भाषाही एकमेकींच्या बहिणी. पिढ्यान् पिढ्या शेतीवर आणि जनावरांवर जगलेला हा समाज. आपल्या मातीशीही त्यांचा संबंध आलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात घरादाराला मुकलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत राहिले होते.

त्यांची जुनी नावे बहुधा दोन शब्दांच्या जोडीची असतात. ‘स्लाव’ म्हणजे कीर्ती, ‘मिल’ म्हणजे लाडका, ‘बोग’ म्हणजे देव, ‘मीर’ म्हणजे शांतता. मिरोस्लाव म्हणजे शांततेची कीर्ती असलेला. बोग्दान म्हणजे देवाने दिलेला. आपला देवदत्त तो हाच! ल्युदमिला म्हणजे लोकांना प्रिय असलेली. दहाव्या शतकात चेक लोकांत या नावाची एक राजघराण्यातली आजी होऊन गेली. तिने वाढवलेला नातू वात्स्लाव पुढे तिथला राज्यकर्ता झाला. आजीला आणि नातवाला दोघांनाही तिथले लोक संत मानतात.

काही नावे तर ऐकताच ओळखीची वाटतात. ‘वेस्ना’ म्हणजे वसंत ऋतू. ‘स्वेतलाना’ म्हणजे प्रकाशाची, उजेडाची. आपला ‘श्वेत’ शब्द तिच्याच नात्यातला. ‘झिव्को’ म्हणजे जगो, जिवंत राहो. त्यात आपला ‘जीव’ आहे. फार प्राचीन काळी या भाषांचे आणि संस्कृतचे मूळ एकच होते, त्याच्या या खुणा आहेत. मात्र उच्चार सारखा म्हणून अर्थही सारखाच, असे समजू नका. तिकडे मुलाचे नाव मिलान असते, पण त्याचा अर्थ भेट नव्हे, लाडका. त्यांची मीरा कृष्णाची भक्त नव्हे, ती शांततेची. आणि रशियन सोन्याचा आपल्या सोन्याशी काही संबंध नाही. सोफिया या नावाचे ते लाडके रूप, आणि सोफिया म्हणजे शहाणपण.

शेतकऱ्याच्या घरातली नावे शेताशिवारातूनच यायची. झोरा म्हणजे पहाट. दानित्सा म्हणजे पहाटेची शुक्राची चांदणी. यागोदा म्हणजे स्ट्रॉबेरी, विश्न्या म्हणजे आंबट चेरी. मुलाचे नाव यावोर, म्हणजे एक मोठे सावलीचे झाड. आपल्याकडच्या शेवंता, तुळसा, गुलाब, केवडा या नावांच्या या सख्ख्या बहिणीच म्हणायच्या.

पुढे ख्रिस्ती धर्म आला. कीव्हचा राजा व्लादिमीर याने ९८८ साली तो स्वीकारला आणि संतांची नावे घरोघर पोचली. इवान, मारिया ही त्यातलीच. काही ग्रीक नावांचे मात्र त्यांनी सरळ आपल्या बोलीत रूपांतर केले. म्हणून रशियात वेरा, नादेझ्दा आणि ल्युबोव अशी मुलींची नावे आहेत. अर्थ अनुक्रमे श्रद्धा, आशा आणि प्रेम. घरात हाक मारताना इवानचा वान्या होतो, मारियाची माशा होते. आपण नाही का गणपतचा गणू आणि सावित्रीची सावी करत, तसेच.

आता जरा मनाला लागणारी गोष्ट. सर्ब भाषेत ‘वूक’ म्हणजे लांडगा. लेकराला लांडगा कोण म्हणेल? पण १७८७ साली सर्बियातल्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी, एक मुलगा जन्मला. त्याच्या आधीची भावंडे दगावली होती. चेटकिणी लेकरे खातात, पण लांडग्याच्या वाटेला त्या जात नाहीत, असा तिथे समज होता. म्हणून आईबापाने त्याचे नाव वूक ठेवले. तो जगला. पुढे वूक कराजिच या नावाने त्याने आपल्या लोकांची गाणी गोळा केली, बोलतात तसे लिहिता येईल अशी लिपी बसवली आणि १८१८ साली शब्दकोश छापला. नावामागची ही समजूतही त्याने त्या कोशात नोंदवून ठेवली आहे.

आपल्याकडचे दगडू, धोंडू, केरबा, भिकू कोठून आले, हे वेगळे सांगायला नको. दगडाला, केराला कोण दृष्ट लावणार? पोटचे पोर वाचावे म्हणून त्या माउलीने वेडेवाकडे नावही आनंदाने घेतले. त्या नावात अज्ञान होते, पण मायाही होती.

दुसऱ्या काही नावांत मात्र माया सापडत नाही. सर्ब आणि बल्गेरियन खेड्यांत ओळीने मुलीच झाल्या, की एखादीचे नाव ‘स्ताना’ ठेवत, म्हणजे आता थांब. नाहीतर ‘दोस्ता’, म्हणजे पुरे. देवाने आता मुली पाठवू नयेत, हा त्यातला निरोप. देवाला निरोप पोचला की नाही कोण जाणे, पण त्या पोरीला मात्र तो जन्मभर ऐकावा लागला. हे वाचून नाक मुरडू नका. आपल्याकडे नकोशी, नकुसा कमी होत्या काय? सातारा जिल्ह्यात २०११ साली ऑक्टोबर महिन्यात अशा २८५ मुलींना समारंभ करून नवी नावे देण्यात आली. शाळेच्या हजेरीत रोज ‘नकोशी’ म्हणून उभे राहायचे, हे त्या लेकरांना कसे वाटत असेल, याचा विचार प्रत्येक आईबापाने करावा.

रशियन लोकांची आणखी एक रीत आपल्यासारखीच आहे. नाव, बापाचे नाव, आडनाव. प्योत्रचा मुलगा इवान पेत्रोविच, तर त्याची मुलगी आन्ना पेत्रोव्हना. पण लग्न झाले, आडनाव बदलले, तरी मुलीच्या नावातले बापाचे नाव तसेच राहते. आपल्याकडे मधले नाव नवऱ्याचे होते, कुठे कुठे पोरीचे पहिले नावही तांदळावर नवे लिहिले जाते. आईचे नाव तर बाळाच्या नावात यायचेच नाही. महाराष्ट्र सरकारने ते आता बदलले आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या कागदपत्रांत बाळाचे नाव, मग आईचे, मग बापाचे, मग आडनाव असा क्रम लावायचा आहे. नऊ महिने ओझे वाहिले तिचे नाव लागले, हे बरेच झाले.

तेव्हा आत्याबाई, कानात नाव सांगण्याआधी त्याचा अर्थ विचारून घ्या. वेस्ना ठेवा की वसुधा, दोन्ही गोडच. बाळ जगावे म्हणून आता लांडग्याचे नाव नको, वेळेवर लस टोचून घ्या. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करा. तोवर नाव ठरले नसेल तरी नोंद अडत नाही. वर्षाच्या आत नाव फुकट चढवून मिळते. आणि मुलगी झाली तर तिला असे नाव द्या, की कोणी हाक मारली तर तिने मान वर करून ‘ओ’ द्यावी.