गुडघ्याची पुडी आणि जंगलाचे नाव



गळीत हंगाम आटोपला, उसाचे पेमेंट बँकेत जमा झाले, की गावोगाव दोन प्रकारची माणसे हिंडू लागतात. एक जुने देणे मागणारी आणि दुसरी गुडघ्याचे औषध विकणारी. पहिल्यांना आपण चांगले ओळखतो. दुसऱ्यांविषयी चार शब्द लिहावेत म्हणून ही जागा मागून घेतली आहे.

पूर्वी हा माणूस झोळी घेऊन यायचा आणि हिमालयातली मुळी म्हणून काहीतरी हातावर ठेवायचा. आता गाडीला भोंगा आहे, डबीवर हिरव्यागार जंगलाचे चित्र आहे आणि मुळी अमेझॉनच्या खोऱ्यातली झाली आहे. भावही त्या मानाने वाढला. वार्षिक सभेच्या मांडवाबाहेर ठिबकच्या आणि ट्रॅक्टरच्या स्टॉलशेजारी यांचेही टेबल लागते, आणि खरे सांगायचे तर ठिबकपेक्षा तिथेच गर्दी जास्त.

गर्दी होणारच. रात्रीची लाइट म्हणून रात्री पाणी पाजायचे, चिखलातून सरी फोडत फिरायचे, पन्नाशी ओलांडली तरी लावणीला वाकायचे. बायकांनी उकिडवे बसून दिवसदिवस भांगलण करायची. आणि तोडणीवाल्यांचे तर बोलायलाच नको, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे हे रोजचेच. गुडघ्याची झीज कुठून येते हे सांगायला आपल्याला डॉक्टर लागत नाही. दुखणे खरे आहे, म्हणूनच त्याचा बाजार आहे.

आता त्या अमेझॉनच्या मुळीची गोष्ट. ही मुळी नसून वेल आहे, आणि ती खरोखरच आहे. पेरू देशाच्या जंगलात ती उंच झाडांवर चढते. पानांच्या बेचक्यात मांजराच्या नखासारखे वाकडे काटे असतात, म्हणून तिकडे तिला स्पॅनिशमध्ये ‘उन्या दे गातो’, म्हणजे मांजराचे नख, म्हणतात. कुळ कॉफीचे आणि आपल्या कदंबाचे. तिथले आशानिंका लोक तिची साल पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. १९७० नंतरच्या दशकात ऑस्ट्रियाच्या क्लाउस केप्लिंगर यांनी तिच्यावर काम सुरू केले आणि मग तिचा बोलबाला झाला.

तपासणीही झाली आहे. २००१ साली पेरूतील एका प्रयोगाचे निकाल छापून आले. गुडघ्याची झीज झालेली ४५ माणसे होती. ३० जणांना याच जातकुळीतल्या दुसऱ्या वेलीचे औषध दिले, १५ जणांना नुसतीच दिसायला तशी पुडी. चार आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे चालता-वावरताना होणारे दुखणे कमी झाले. मात्र बसल्या जागी आणि रात्री होणारे दुखणे हटले नाही, गुडघ्याची सूजही उतरली नाही. २००२ साली ऑस्ट्रियात ४० आमवाताच्या रोग्यांवर २४ आठवड्यांचा प्रयोग झाला. त्यात दुखऱ्या सांध्यांची संख्या घटली. पण ती माणसे डॉक्टरांची नेहमीची औषधे घेतच होती, त्याच्या जोडीला हे होते. एवढाच पुरावा. थोडा आहे, पण खोटा नाही.

मग डबीवाल्याचे काय चुकले? एक तर प्रयोगात मोजून-मापून तयार केलेला अर्क होता, आणि डबीत आहे भुकटी. ही वेल दिसायला एकच असली तरी आतल्या द्रव्यांवरून तिचे दोन प्रकार पडतात आणि त्यांचे गुण सारखे नाहीत. नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाहीत. उसाचे बघा ना. दोन फडांतला ऊस रस्त्यावरून सारखाच दिसतो, उतारा किती पडतो ते प्रयोगशाळेतच कळते. ज्याने पेरू नकाशावरसुद्धा पाहिलेला नाही, त्याच्या भुकटीत ती वेल आहे की कुठल्यातरी बाभळीची साल, हे कोण सांगणार?

जंगलाचे म्हणाल तर तेवढ्या लांब जायला नको. राधानगरी, चांदोली, कोयना ही सदाहरित राने आपल्या उशाशी आहेत. त्यातही एक नखवाली आहे. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळी ज्वाळेसारखी फुले येतात ती कळलावी, काही ठिकाणी तिला वाघनखी म्हणतात. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन नावाचे द्रव्य असते. गाऊट म्हणजे वातरक्तात पायाचा अंगठा टरारून सुजतो, त्यावर डॉक्टर आजही हेच देतात. तमिळनाडूत तर बियांसाठी हिची शेती होते. पण डॉक्टरांची गोळी असते अर्ध्या मिलिग्रॅमची. गव्हाचा दाणा साधारण चाळीस मिलिग्रॅमचा धरला, तर त्याचा ऐंशीवा भाग. तोच कंद कुणी उगाळून खाल्ला तर आधी उलट्या-जुलाब, मग एकेक अवयव निकामी, आणि माणूस हाती लागत नाही. औषध आणि विष एकाच कंदात आहे, फरक आहे तो मापाचा. वाघनखीचे माप ज्याला माहीत नाही, त्याच्या हातून मांजरनखीही खाऊ नये.

आणखी एक उदाहरण बामाचे. गुडघ्याला चोळतो त्या बामाचा जो उग्र वास येतो तो विंटरग्रीन तेलाचा. नीलगिरीच्या आणि खासी टेकड्यांवरच्या एका झुडपाच्या पानांतून हे तेल निघते. आता बहुतेक ते कारखान्यातच बनते. वरून चोळले तर आराम पडतो, हे आपण सगळे जाणतो. पण शुद्ध तेलाचा एक चमचा पोटात गेला तर लहान मुलाच्या जिवावर बेतते, आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू असलेल्याने फार चोळले तर अंगात रक्तस्राव होण्याचे भय असते. बाटली फळीवर उंच ठेवा.

पण या सगळ्यापेक्षा मोठी भीती वेगळीच आहे. "तिसऱ्या दिवशी म्हातारी चालायला लागली बघा," असे ज्या पुडीबद्दल सांगतात, त्या पुडीचा मला जास्त संशय येतो. कुठलीही साल तीन दिवसांत गुडघा मोकळा करत नाही. स्टेरॉइड करते. वनौषधी म्हणून विकलेल्या सांधेदुखीच्या पुड्यांत डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइडे मिसळलेली अनेकदा सापडली आहेत. पहिले दोन महिने जादू वाटते, भूक लागते, चेहरा भरतो, घरचे म्हणतात तब्येत सुधारली. तो चेहरा सुजलेला असतो. पुढे रक्तातली साखर चढते, हाडे ठिसूळ होतात, खुब्याचा सांधा कुजू शकतो. आणि अशी पुडी महिनोन्‌महिने खाऊन एकदम बंद केली तर रक्तदाब कोसळून माणूस दगावूही शकतो. म्हणून ज्यांच्या घरात अशी पुडी चालू आहे त्यांनी ती आज फेकून देऊ नये. पुडीसकट सरकारी दवाखान्यात जावे आणि डॉक्टर सांगतील तशी उतरवत आणावी.

आपण शेतकरी माणसे भोळी आहोत असे कुणी म्हटले तर मला पटत नाही. १०:२६:२६ चे पोते घेताना आपण शिलाई बघतो, लॉट नंबर बघतो, पक्के बिल मागतो, शंका आली तर नमुना तपासायला पाठवतो. कांडी लावायची तर बेणे कुठल्या प्लॉटातले ते विचारतो. मग जे पोटात जाते त्यालाच का विचारत नाही? आयुर्वेदाचे औषध असले तरी त्याला सरकारी परवाना लागतो. डबीवर घटकांची नावे, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि बनवल्याची तारीख हवी. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) यांविषयी १९५४ साली कायदा झाला, आणि ज्या रोगांवर हमखास इलाज म्हणून जाहिरात करायला त्यात मनाई केली त्यांच्या यादीत संधिवातही आहे. भोंगा तर गावात उघडपणे वाजतो!

मग दुखणाऱ्याने करायचे काय? निर्गुडीचा पाला गरम करून शेकायला कुणाची ना नाही, बांधावर असतोच. उंडीचे किंवा मालकांगोणीचे तेल चोळून बरे वाटत असेल तर चोळा. मलमाने भागत असेल तर मलम लावा. दुकानातून परस्पर आणलेली दुखण्याची गोळी मात्र रोज खाऊ नका, मूत्रपिंडावर येते. खाटेच्या कडेला बसून एकेक पाय सरळ करून दहा आकडे मोजायचे, सकाळ-संध्याकाळ, हा व्यायाम फुकट आहे. एक किलो वजन उतरले तर दर पावलाला गुडघ्यावरचा चार किलो भार हलका होतो, असे २००५ सालच्या अभ्यासात दिसून आले. हे ऐकायला गोड लागत नाही आणि याची डबी करून विकताही येत नाही. बायकांसाठी भांगलणीला बसकण किंवा लांब दांड्याचे खुरपे द्यावे, हे मात्र घरातल्या कर्त्याच्या हातात आहे.

राहिला आपला कारखाना. येत्या सर्वसाधारण सभेसाठी दोन गोष्टी सुचवतो. परवाना आणि पक्के बिल दाखवल्याशिवाय औषधाच्या स्टॉलला आवारात जागा देऊ नये, मग भाडे कितीही मिळो. आणि प्रत्येक गट ऑफिसात महिन्यातून एक दिवस व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट बसवावा, सभासदांसाठी आणि तोडणी मजुरांसाठीही. ठराव लिहून तयार आहे. सूचक म्हणून मी सही केली आहे, अनुमोदक हवा आहे.