हारतुरे नकोत, पण माणूस हवा



‘कृषी विद्यापीठांचे विस्तारकार्य म्हणजे मेळावे आणि हारतुरे, त्यापेक्षा मोबाइलवरचा सल्ला बरा’, हे मागच्या अंकातले पत्र वाचले. हारतुऱ्यांबद्दल वाद नाही. पाहुण्यांची वाट पाहत शेतकरी उन्हात बसतो, हे खरेच. पण उसाच्या मुळांना हुमणी ही अळी लागली तर उकरून मुळे पाहावी लागतात. फोटोत पिवळी पाने दिसतात, अळी नाही.

नव्या वाणाचेही तसेच. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ साली ‘परभणी शक्ती’ हा लोह व जस्त जास्त असलेला ज्वारीचा वाण प्रसारित केला. त्याची भाकरी बाळंतिणीच्या ताटात पडायची तर नुसते बियाणे पुरत नाही. अंगणवाडीत, बचत गटात कुणीतरी जाऊन बसावे लागते. कृषी विज्ञान केंद्रात गृहविज्ञानाच्या तज्ज्ञाची जागा असते ती यासाठीच. आपल्या जिल्ह्यात ती भरलेली आहे का, हे पत्रलेखकाने विचारायला हवे होते.

गावात जाणारी माणसे विद्यापीठाकडे आणखीही आहेत. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ‘रावे’साठी, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, गावात राहतात, बीजप्रक्रिया दाखवतात, माती नमुने घेतात (आणि फोटोही भरपूर काढतात). त्यांच्या नोंदी अहवालात बांधून न ठेवता ग्रामपंचायतीला द्याव्यात. पुढच्या तुकडीने तिथूनच काम सुरू करावे.

– एक शेतकरी वाचक, जि. परभणी